अ‍ॅल्युमिनियमचं वल्हं: सरळ चालायला बरं, ‘जे’ मारायला हट्टी

कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, शिकायची म्हटलं की इंदूरात कुरिअरने आधी येतं ते हेच: अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, प्लॅस्टिकचं काळं पातं, वर टी आकाराची मूठ. वजन किलोच्या आसपास. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं कयाकचं. विक्रेते दोन्ही एकाच नावाने खपवतात, फोटो नीट पाहा.

माप घरीच कळतं. स्टुलावर ताठ बसून वल्हं उलटं धरा, मूठ मांड्यांच्या मध्ये टेकवा. गळा, म्हणजे दांडा पात्याला मिळतो ती जागा, हनुवटी आणि नाकाच्या मध्ये आली पाहिजे. त्याहून लांब वल्ह्याने वरचा हात डोक्यावर जातो आणि खांदा लवकर भरून येतो.

साध्या पुढच्या फटक्याला हे वल्हं उत्तम. पातं पायांच्या रेषेत पूर्ण बुडवायचं, ओढ कमरेपाशी संपवायची. त्यामागे नेलं की पाणी वर उपसलं जातं, मागचं टोक दबतं.

खरी अडचण ‘जे’ फटक्याची, म्हणजे शेवटी इंग्रजी J सारखं वळण घेणाऱ्या फटक्याची. एकट्याने मागे बसून उजवीकडे वल्हवलं की पुढचं टोक डावीकडे जातं. ते सावरायला फटक्याच्या शेवटी मुठीवरचा अंगठा खाली वळवून पात्याने पाणी बाहेर ढकलायचं. या वल्ह्याचा दांडा अगदी गोल, पात्यावर जाड उंचवटे. पाण्याखाली पातं कोणत्या कोनात आहे हे हाताला कळतच नाही. मग शिकणारा अंगठा वर करून पात्याच्या दुसऱ्या बाजूने पाणी रेटतो. कॅनो सरळ होते, पण प्रत्येक फटक्याला वेग मरतो, आणि ही खोड लाकडी वल्हं हातात आल्यावरही सुटत नाही.

त्यात मूठ तिरकी बसवलेली निघाली तर संपलंच. घेतल्याबरोबर पातं फरशीवर सपाट ठेवा. मूठ फरशीला समांतर नसेल तर परत पाठवा. मुठीचा सांधाही तपासा: तिथून पाणी दांड्यात शिरलं की वल्हं जड होतं, पुरतं भरलं तर बुडतंही. तो बुजवायला इंदूरच्या सियागंज बाजारातलं सिलिकॉन सीलंट पुरे. दांड्याला खालच्या हाताच्या जागी बॅटची ग्रिप चढवा, नाहीतर तळवा काळा होतो आणि मे महिन्यात भाजतोही.

इंदूरजवळच्या चोरल धरणाच्या थांबलेल्या पाण्यात शिकायला घ्या. सिरपूर, यशवंतसागर ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळं आहेत, तिथे परवानगीशिवाय कॅनो घालू नये. नर्मदेवर जाताना हातात लाकडी वल्हं असू द्या, हे अ‍ॅल्युमिनियमचं कॅनोत जादा म्हणून बांधून ठेवा.