युनिटाइज्ड कर्टन वॉल: तीन पावसाळे काढल्यानंतरचा रिव्ह्यू

बाणेरच्या बाजूला आम्ही डिझाइन केलेल्या एका सात मजली ऑफिस बिल्डिंगला युनिटाइज्ड कर्टन वॉल बसवलीय, तिचा तिसरा पावसाळा आत्ताच संपला आणि एकाही मजल्यावर पाणी आत आलं नाही, म्हणून आता लिहितेय. हँडओव्हरच्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नव्हता, त्या दिवशी सगळ्याच बिल्डिंगच्या काचा चकाचक असतात. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते, आणि हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही तर या सिस्टीमचा आहे, कारण अजूनही बरेच क्लायंट आणि खरं सांगायचं तर बरेच आर्किटेक्टसुद्धा काचेचा रंग ठरवला की फसाड, म्हणजे बिल्डिंगची दर्शनी बाहेरची बाजू, ठरलं असं समजतात.

आधी थोडक्यात. कर्टन वॉल म्हणजे स्लॅबच्या कडेला ब्रॅकेटने टांगलेला पडदा, बिल्डिंगचा भार ती घेत नाही, फक्त स्वतःचं वजन आणि वारा पेलते. पण स्वतःचं वजनही कमी नाही बरं का, काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे सहा अधिक सहा मिलिमीटरच्या डबल ग्लेझिंगला (मधे पोकळी ठेवलेल्या दोन काचा) नुसती काचच चौरस मीटरला ३० किलो, अॅल्युमिनियम वेगळं. स्टिक सिस्टीममध्ये उभे मलियन, आडवे ट्रान्सम, मग काच, असं सगळं साइटवर एकेक करत जोडतात. युनिटाइज्डमध्ये मजलाभर उंचीचं अख्खं पॅनल फॅक्टरीत काचेसकट तयार होऊन येतं आणि साइटवर फक्त टांगून शेजारच्या पॅनलमध्ये अडकवायचं असतं.

याआधीच्या एका प्रोजेक्टला आम्ही स्टिक सिस्टीम घेतली होती, पैसे वाचतील म्हणून. पहिल्याच जुलैत चौथ्या मजल्यावर कार्पेट ओलं. फॅब्रिकेटरची माणसं आली, बाहेरून सिलिकॉन भरून गेली, आठ दिवसांत परत ओलं, परत सिलिकॉन, असं तीन वेळा झालं. शेवटी मी स्वतः क्रेडलमध्ये, म्हणजे बाहेरून टांगलेल्या पाळण्यात, बसून खाली आले आणि ट्रान्समच्या खालची बाजू बोटाने चाचपून बघितली, तर वीप होल्स, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर सोडायची ती छोटी भोकं, सगळी सिलिकॉनने बंद! ज्या पोराने ती बंद केली त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, भोक होतं ना, पाणी आत गेलं असतं." त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं ती भोकं कशासाठी आहेत. माझ्या ड्रॉइंगमध्येही ती दाखवलेली नव्हती आणि ते मला अजून लागतं. ती भोकं मोकळी केली, बाहेरचं जादाचं सिलिकॉन काढून टाकलं, आणि गळती त्याच पावसाळ्यात थांबली.

तेव्हापासून मी प्रत्येक क्लायंटला कौलांचं उदाहरण देते. कोकणातलं मंगलोरी कौलांचं घर आठवा, दोन कौलांमध्ये कुणी काही भरलेलं असतं का? नसतं. एक कौल दुसऱ्यावर चढतं, उतार असतो, थोडं पाणी आत डोकावलं तरी ते खालच्या कौलावर पडून पुढे जातं. चांगली कर्टन वॉल अगदी हेच करते. बाहेरच्या गॅस्केटने, म्हणजे रबरी पट्टीने, जमेल तेवढं पाणी अडवायचं, जे आत येईल त्याला पोकळीत जागा द्यायची, पोकळीतला हवेचा दाब बाहेरच्याइतका ठेवायचा म्हणजे वारा पाणी आत ढकलत नाही, आणि मग ते खालून बाहेर काढायचं. युनिटाइज्डमध्ये हे प्रत्येक मजल्याच्या स्टॅक जॉइंटला, म्हणजे खालचं आणि वरचं पॅनल जिथे अडकतं त्या आडव्या सांध्याला, होतं, म्हणजे वरच्या मजल्याचं पाणी खालच्या मजल्यापर्यंत येतच नाही. पाणी अडवणं नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडलेलं नसतं आणि या सिस्टीमला माझे सगळ्यात जास्त मार्क त्यासाठीच आहेत.

आता जे कुणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही ते. फॅक्टरीत बनणारं पॅनल मिलिमीटरमध्ये असतं आणि आपला स्लॅब तसा नसतो. आमच्याकडे ओळंबा आणि टोटल स्टेशन (सर्व्हेचं मोजणीयंत्र) दोन्ही लावून सातही मजल्यांच्या कडा मोजल्या तर एका कोपऱ्यात स्लॅब ३८ मिलिमीटर बाहेर आलेला निघाला. ब्रॅकेट तिन्ही दिशांना सरकणारे होते पण तेवढे नाही, मग तिथे स्लॅबची कड तोडावी लागली, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून, सळ्या बघून. हे पॅनलची ऑर्डर देण्याआधी झालं म्हणून निभावलं. पॅनल ट्रकमधून उतरल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं याचा मला विचारही करवत नाही. त्यामुळे सर्व्हे आधी, ऑर्डर नंतर, फॅब्रिकेटर कितीही घाई करू दे.

वाऱ्याचं पण सांगते, कारण यात लोक फार सहज चुकतात. आयएस ८७५ भाग ३ मध्ये, म्हणजे वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, पुण्याचा बेसिक विंड स्पीड सेकंदाला ३९ मीटर आहे आणि मुंबईचा ४४. आकडे जवळजवळचे वाटतात, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी मुंबईत साधारण २७ टक्के जास्त दाब. पुण्यात चाललेलं मलियनचं सेक्शन तसंच्या तसं उचलून अंधेरीत लावायचं नाही. आणि बिल्डिंगच्या कोपऱ्यांवर वारा काच आत ढकलत नाही, बाहेर ओढतो, मधल्या भागापेक्षा बराच जास्त, त्यामुळे कोपऱ्याच्या पॅनलचं कॅल्क्युलेशन वेगळं मागा.

उन्हाने अॅल्युमिनियम किती हलतं तेही बघा. चार मीटरचा मलियन, तापमानात ४० अंशांचा फरक, म्हणजे जवळपास पावणेचार मिलिमीटर लांबी बदलते. हलायला जागा ठेवली नसेल तर दुपारी आणि पहाटे कटकट आवाज येतात, आमच्या स्टिकवाल्या जुन्या बिल्डिंगमधल्या लोकांनी तशी तक्रार केलीही होती. नव्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक पॅनल स्वतंत्र हलतं, आवाज नाही.

काचेबद्दल. "डबल ग्लेझिंग आहे, ऊन लागणार नाही" हे वाक्य मी किमान पाच सेल्समनकडून ऐकलंय आणि ते बरोबर नाही. मधली पोकळी हवेतली उष्णता अडवते, थेट ऊन अडवायला कोटिंग लागतं, आणि ते बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून मोजलं तर दुसऱ्या पृष्ठभागावर हवं. २०१७ च्या ईसीबीसीत, म्हणजे बिल्डिंगच्या ऊर्जाबचतीच्या कोडमध्ये, थंड प्रदेश वगळता उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा, ०.२७ पर्यंतच चालत होता आणि भिंतीत काचेचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत. आम्ही पश्चिमेला काच त्याहूनही कमी ठेवली, क्लायंटला पूर्ण काचेची बिल्डिंग हवी होती, दोन मीटिंग त्यातच गेल्या. शेवटी त्यांना मुंबईला कंबाला हिलवर नेऊन चार्ल्स कोरियांची कांचनजंगा खालून दाखवली, १९८३ ची बिल्डिंग, खोल कोरलेल्या दोन मजली उंच गच्च्या, ऊन आणि पाऊस घराच्या आधी तिथे थांबतो. आमचं ऑफिस आहे, तशा गच्च्या नव्हत्या देता येत, पण पश्चिमेला खोल फिन्स (सावलीसाठी बाहेर काढलेल्या पट्ट्या) आणि मधे भरीव पॅनल त्यांनी मान्य केली. मे महिन्यात त्या बाजूला बसणारे लोक आता पडदे ओढत नाहीत, हे मी स्वतः जाऊन बघितलंय.

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, काच कधीकधी काहीही न लागता फुटते, हे क्लायंटला आधीच सांगा. काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिलेला असतो, तो हळूहळू फुगतो आणि दोन वर्षांनीसुद्धा अख्खी काच भुगा होऊन खाली येते. हीट सोक टेस्टमध्ये काच २५० अंशांच्या वर तापवून ठेवतात म्हणजे अशा बहुतेक काचा फॅक्टरीतच फुटून जातात, सगळ्याच नाही. आम्ही बाहेरची काच हीट स्ट्रेंदन्ड (टफन्डपेक्षा सावकाश थंड केलेली) लॅमिनेटेड घेतली, हा धोका तिच्यात जवळपास नसतो आणि फुटलीच तरी मधल्या पीव्हीबीला, म्हणजे दोन काचांमधल्या प्लास्टिकच्या थराला, चिकटून राहते. खाली फुटपाथवर पोरंटोरं जातात, चहाची टपरी आहे, तिथे मी तडजोड करणार नव्हते. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ च्या सुमारास पडायला लागल्या आणि शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या, कारण काय तर डबल ग्लेझिंगचा सांधा नको तितका ताठ होता. परत सांधाच!

आगीचा मुद्दा मी कुठल्याही मीटिंगमध्ये सोडत नाही. स्लॅबची कड आणि कर्टन वॉल यांच्यात फट राहतेच, ती नीट भरली नाही तर तीच धुराची चिमणी होते, म्हणून रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) दाबून भरायचं आणि वरून स्मोक सील, प्रत्येक मजल्याला, फोटोसकट. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, तिथे बाहेरच्या क्लॅडिंगमध्ये पॉलिइथिलीनचा, म्हणजे पेटणाऱ्या प्लास्टिकचा, गाभा होता. त्यामुळे भरीव पॅनलला आम्ही सरळ सॉलिड अॅल्युमिनियम शीट वापरली. शिवाय प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या खिडक्या ठेवल्या, फायर ब्रिगेडला पोचता येईल अशा बाजूला.

आता टेस्टचा दिवस. आमा ५०१.२ या अमेरिकन मानकाची होज टेस्ट, म्हणजे सांध्यांवर पाइपने पाणी मारायचं, ठरलेला नोझल, ३० ते ३५ पीएसआय दाब, भिंतीपासून एक फुटावरून, दर दीड मीटर सांध्याला पाच मिनिटं. पहिल्या मजल्याची पॅनल लागली तेव्हाच घेतली, सगळं पूर्ण झाल्यावर नाही. चौथ्या मिनिटाला आत टॉर्च लावून बसलेला आमचा साइट इंजिनिअर ओरडला, "मॅडम, थेंब!" चार पॅनल जिथे भेटतात त्या चौकातला रबराचा छोटा तुकडा एका बाजूला दुमडला होता. फॅब्रिकेटरने कुरकुर न करता फॅक्टरीतली तयार पॅनल थांबवली, तो तुकडा बदलला, आम्ही परत पाणी मारलं, कोरडं. त्या एका थेंबाने पुढचे सहा मजले वाचले असं मी मानते.

तक्रारी आहेत. खर्च स्टिकपेक्षा बराच जास्त येतो. फसाड कन्सल्टंट सुरुवातीपासून लागतो, त्याची फी क्लायंटला आधी पटत नाही. डिझाइन लवकर गोठवावं लागतं, फॅक्टरीत कटिंग सुरू झाल्यावर एक खिडकी इकडची तिकडे करता येत नाही. फिन्सवर कबुतरं बसतात, त्याचा विचार आम्ही उशिरा केला, नंतर वायर लावल्या. आणि मधलीच एखादी काच बदलायची झाली तर वेळ जातो. गेल्या वर्षी काचा पुसायचा टांगता गोंडोला आपटून पाचव्या मजल्यावरची एक फुटली, त्याच कोटिंगची काच यायला सात आठवडे लागले, तोवर तिथे प्लायवूड. त्याचा एक स्टार कापते, पाचपैकी चार.

तुम्ही घेत असाल तर त्याच बॅचच्या चार-पाच काचा जास्तीच्या मागवून बेसमेंटमध्ये उभ्या ठेवा, लाकडी रॅकवर, ओल लागणार नाही अशा जागी. आम्ही आता ठेवल्यात.