सहा कीबोर्ड, एक दांडी: अमळनेरच्या पेटीवाल्या आप्पांनी करून दिलेलं यंत्र

धुळ्यात माझं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. ऑफिसं, शाळा, बँका यांच्याकडून निघालेला माल लॉटने घ्यायचा, साफ करायचा, तपासायचा आणि टायपिंगच्या क्लासना, एमएस-सीआयटीच्या सेंटरना, शिकणाऱ्या पोरांना स्वस्तात द्यायचा. या सगळ्यात सगळ्यात कंटाळवाणं काम कीबोर्ड तपासण्याचं. मॉनिटर लावला की लागलीच कळतं, माउसलाही दोन मिनिटं पुरतात. कीबोर्डचं मात्र एकेक बटण दाबून पाहिल्याशिवाय काही खरं नाही.

साध्या १०४ बटणांच्या कीबोर्डवर अक्षरं, अंक, चिन्हं आणि स्पेसबार मिळून ४८ बटणं, उजवीकडच्या नंबर पॅडची १५. म्हणजे स्क्रीनवर काहीतरी उमटवणारी ६३. साठ कीबोर्डचा लॉट आला की ३,७८० वेळा बोट आपटायचं. वर शिफ्ट, कंट्रोल, एफच्या ओळीतली बटणं वेगळीच. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर माझं उजवं मनगट इतकं धरलं की पोळपाट-लाटणं हातात घेववेना. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि काम कमी करा म्हणाले. काम कमी केलं तर दुकान कसं चालायचं?

माझा भाचा पुण्यात असतो. त्याने सांगितलं की बाहेरच्या देशांत गेम खेळणारे काही लोक एकाच वेळी चार-पाच कॉम्प्युटरवर चार-पाच खेळाडू चालवतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये, एक बटण दाबून सगळीकडे तीच आज्ञा पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी आणली. पण कीबोर्ड शेजारी शेजारी मांडायचे, त्यांवर काठ्यांचा सांगाडा बसवायचा आणि एका दाबात सगळीकडचं तेच बटण दाबायचं, ही युक्ती कोणाला सुचणार नाही असं थोडंच आहे! गेमशी मला घेणं-देणं नाही. सांगाडा मात्र डोक्यात बसला.

आधी मी ऑनलाइन एक किट मागवलं. सहा सोलेनॉइड (वीज सोडली की आतला दांडा पुढे ढकलणारी कॉइल), १२ व्होल्टचा सप्लाय, एक पट्टी. पैसे बरेच गेले. अर्धा तास चालवलं की सोलेनॉइडला हात लावता येईना, इतके तापायचे. त्यात सहाही एकाच लोखंडी पट्टीवर घट्ट आवळलेले. एक कीबोर्ड जरा उंच निघाला की त्याचं बटण तळाला टेकायचं आणि शेजारच्याचं अर्ध्यावर राहायचं. विकणाऱ्याने परतही घेतलं नाही. ते किट अजून माळ्यावर पडून आहे.

आप्पांचं नाव वडिलांनी काढलं. आमच्या भजनी मंडळाची पेटी अनेक वर्षं त्यांच्याकडेच दुरुस्तीला जाते. अमळनेरला सखाराम महाराजांच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची एक खोली आहे. दारात भाते वाळत टाकलेले, आत सागवानाचा भुसा आणि सरसाचा वास. वय सत्तरीच्या पुढे. मी दोन कीबोर्ड पिशवीत घेऊन एसटीने गेले. माझं बोलणं अर्धवट ऐकून त्यांनी समोरची पेटी उघडली आणि कपलर लावून दाखवला. एक पट्टी दाबली की एका सप्तकाच्या अंतरावरची दुसरी आपोआप खाली जाते. आत तारेच्या बारीक दांड्या असतात, त्या एका पट्टीचा जोर दुसरीला देतात. ‘तुले हाईच पाहिजे ना? दोनना सहा करना शेत,’ एवढंच म्हणाले.

मग मी सोलेनॉइडची रड सांगितली. ती मात्र त्यांनी नीट ऐकली. ‘हरेक सूरनं वजन येगळं ऱ्हास,’ म्हणाले, ‘बठ्ठासले एकच जोर चालाव नही.’ म्हणजे सगळ्यांना एकच जोर चालणार नाही. महागड्या किटवाल्याला जे समजलं नव्हतं ते इथे एका वाक्यात मिळालं.

वजन किती लागतं हे आम्ही तिथेच मोजलं. बटणावर आधी खोडरबराचा छोटा तुकडा ठेवला, नाहीतर नाणं शेजारच्या बटणांवर टेकतं. त्यावर दहाची नाणी एकेक करून रचली. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. एका कीबोर्डचं बटण सातव्या नाण्याला खाली गेलं. दुसरा जुना, ४ च्या बटणावर रुपयाचं चिन्ह नसलेला, म्हणजे बहुधा २०१० साली ते चिन्ह येण्याआधीच्या घडणीचा. त्याला नववं नाणं लागलं. आप्पांनी पेन्सिलीने फळीवर ७ आणि ९ लिहून ठेवलं.

यंत्र असं आहे. साधारण साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद सागवानी चौकट. तिच्यात एकामागे एक सहा कीबोर्ड बसतात. वरून पुढून मागे एक दांडी जाते आणि तिला खाली सहा बोटं आहेत. (त्यांना मी बोटंच म्हणते, आप्पा खुंट्या म्हणतात.) दांडीला उजव्या हाताला मूठ आहे, ती खाली दाबली की सहाही कीबोर्डवरचं तेच बटण दाबलं जातं. दांडी डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे सरकते. बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर, तेवढ्या अंतरावर पितळी पट्टीत खाचा कापल्या आहेत. दांडी ‘टक्’ करून खाचेत बसते. कीबोर्डच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात. अंकांच्या ओळीपेक्षा क्यूची ओळ अर्ध्या बटणाने सरकलेली, एची त्याहून पाव, झेडची त्याहूनही अर्धी. म्हणून प्रत्येक ओळीला वेगळी पट्टी आहे. माझे दोन कीबोर्ड दोन महिने ठेवून घेऊन आप्पांनी हे एकेक माप काढलं. कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात चालवलेला नाही.

खरी कारागिरी बोटांत आहे. प्रत्येक बोट दांडीला घट्ट नाही, पेटीतल्या पट्टीखाली असते तशा पितळी तारेच्या कमानीवर तरंगतं. दांडी खाली आली की बोट बटणावर टेकतं आणि बटण तळाला गेलं की कमान दबते. उंच कीबोर्डचं बोट जरा आधी थांबतं, बुटक्याचं पुढे जातं. सगळ्यांना पुरेसा जोर मिळतो आणि कोणाचंही बटण चेपत नाही. बोटाच्या टोकाला लाल बनातीची गोल टिकली चिकटवलेली आहे, पेटीत लावतात तीच. आवाज अगदी मऊ येतो. पहिल्यांदा मूठ दाबली आणि नोटपॅडवर एका ओळीत सहा ‘एफ’ उमटले, तेव्हा वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, तबलजीने सम बरोबर गाठल्यावर हलवतात तशी.

कीबोर्ड लावायची पद्धत मी बसवली ती सांगते, नाहीतर यंत्र घेऊनही उपयोग नाही. प्रत्येक कंपनीच्या कीबोर्डची कड वेगळी, त्यामुळे कडेवर भरवसा ठेवायचा नाही. दांडी जेच्या खाचेत आणायची. जेवर बारीक उठाव असतो, तो बोटाच्या बरोबर खाली येईपर्यंत कीबोर्ड सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकायची. सहाही कीबोर्ड यूएसबी हबने एकाच कॉम्प्युटरला जोडायचे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन रिपीट डिले ‘लाँग’ करायचा, नाहीतर मूठ जरा जास्त वेळ दाबली गेली की अक्षरांची रांग लागते आणि मोजणीच चुकते. मग दाबत सुटायचं. सहा अक्षरं आली तर ठीक. पाच आली तर एक बटण मेलेलं आहे. सात आली तर कोणाचं तरी बटण दोनदा वाजतंय. मग हाताने एकेकाचं तेच बटण दाबून चोर शोधते आणि त्यावर लाल टिकली लावते. टिकली लागलेले सगळे कीबोर्ड संध्याकाळी उघडायला घेते.

एक गोष्ट मी चुकून शिकले, ती घेणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवावी. दिवाळीनंतर टायपिंगच्या क्लासमधली एक मुलगी कीबोर्ड परत घेऊन आली. मराठी ४० च्या परीक्षेची तयारी करत होती आणि तिचं एक बटण उमटतच नव्हतं. मी तो तपासून दिला होता, वहीत लिहिलेलं होतं. दोन दिवस डोकं फोडल्यावर उलगडलं: त्या फेरीत एका कीबोर्डचं बटण मेलेलं होतं आणि दुसऱ्याचं तेच बटण दोनदा वाजत होतं. बेरीज सहाच झाली! त्या मुलीला मी लगेच नवाकोरा कीबोर्ड दिला. परीक्षेत मिनिटाला ४० शब्द गाठायचे असतात, तिथे एक अक्षर अडलं की पोरीची सगळी मेहनत वाया जाते. तेव्हापासून मी तीन कीबोर्ड एका कॉम्प्युटरला आणि तीन दुसऱ्याला लावते, दोन स्क्रीन समोर ठेवते आणि प्रत्येक फेरी दोनदा करते. अशी चूक अजूनही होऊ शकते, पण फार क्वचित. परीक्षेसाठी कीबोर्ड हवा असं कोणी सांगितलं तर तो यंत्रानंतर हातानेही तपासते.

वेळेचं खरं सांगायचं तर यंत्राने जादू होत नाही. साठच्या लॉटला हाताने चार तास लागायचे. आता सहा कीबोर्ड लावायला सहा-सात मिनिटं आणि दाबायला पाच, अशा दहा फेऱ्या म्हणजे दोन तास, दुसऱ्यांदा दाबायची मिनिटं वर. पण ३,७८० ऐवजी ६३० वेळा दाबायचं, फेरी दोनदा केली तरी १,२६०, आणि तेही बोटाने नाही, मुठीने, खांद्याच्या जोरावर. मनगटाचा पट्टा मी श्रावणात काढला तो पुन्हा बांधलेला नाही. ज्यांचं दुखणं असं आहे त्यांना या एका गोष्टीसाठीच हे यंत्र घ्या म्हणून मी हात जोडून सांगेन.

उणिवा आहेत. वजन चौदा किलो, एकटीने टेबलावर चढवता येत नाही. मूठ उजवीकडेच आहे. लॅपटॉपचे, छोटे, किंवा मधून वाकवलेले कीबोर्ड बसत नाहीत. शिफ्ट, कंट्रोल, विंडोजचं बटण यांना हे यंत्र वापरायचंच नाही, ती हातानेच पाहावी लागतात. पावसाळ्यात सागवान फुगलं आणि दांडी खाचेत अडकायला लागली. आप्पांना फोन लावला तर म्हणाले, मेणबत्ती घास. घासली आणि सुटली. पण हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, मी दोन दिवस ठोकत बसले होते. बनातीच्या टिकल्या दोन महिन्यांत झिजतात, त्या बदलाव्या लागतात.

आणि उशीर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देतो म्हणाले होते. आखाजीला मी गेले तर चौकट भिंतीला टेकून उभी आणि दांडीचा पत्ता नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात गर्दी लोटते आणि आजूबाजूच्या गावांच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याआधी आप्पांकडे येऊन पडतात. त्या मी स्वतः पाहिल्या, भिंतीला टेकून रांगेत तेरा. मला राग आला होता, खरं आहे. बाहेर ऊन इतकं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आप्पांकडच्या मावशींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, आप्पा म्हणाले, ‘काळजी करू नको माय, व्हई जाई.’ झालं, पण मृग लागल्यावर. ज्यांना करून घ्यायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर जावं, तेव्हा त्यांचा हात मोकळा असतो.

मला साडेसहा हजार पडले, सागवानासकट. सोलेनॉइडच्या किटला याहून जास्त गेले होते. सोबत आपल्या नेहमीच्या मालातले निदान दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड घेऊन जा, फोटो दाखवून माप निघत नाही. आणि कीबोर्ड परत मागायची घाई करू नका.

आठ महिन्यांत माझे नऊ लॉट यातून गेले. एका शाळेचा पंच्याऐंशी कीबोर्डचा दहावा लॉट उद्या येतोय. बनातीच्या बारा टिकल्या मी आप्पांना कालच सांगून ठेवल्या आहेत, वडील गुरुवारी भजनाची पेटी आणायला जातील तेव्हा घेऊन येतील.