सिन्नरच्या हंड्यातलं नाणं

जुनी नाणी जमवायचा नाद असलेल्या आणि मोबाइलवरच्या लिलावांत बोली लावणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझे 41,300 रुपये गेले. निवृत्तीनंतर हाताशी ठेवलेल्या पैशांतले होते. पण पैशांहून जास्त जे लागलं ते निराळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी कशी फसले हे कळणार नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायचे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, यानं क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश उरू दिला नाही, असं ती म्हातारी आई त्यात अभिमानानं सांगते. आणि दहाव्या लेण्यात त्याच क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. हरलेले आणि जिंकलेले एकाच डोंगरात! हे सांगितलं की मुलं गप्प होऊन ऐकायची. मग मी जोगळटेंभीची गोष्ट सांगायचे. सिन्नर तालुक्यातल्या या गावी 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा खाली, नव्याची खूण वर. लेण्यातला लेख खरा असल्याची साक्ष नाण्यांनी द्यावी, याहून चांगला धडा कोणता? असं एक तरी नाणं आपल्या हातात यावं, असं मला नोकरीभर वाटत राहिलं.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्यानं मला नाण्यांच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. त्याचा काही दोष नाही, त्यालाही दुसऱ्या कुणी तरी घेतलं होतं. दर रविवारी रात्री नऊला लिलाव. लॉटचा फोटो पडायचा, खाली बेस प्राइस, मग धडाधड बोल्या. सुरुवातीचे दोन महिने मी नुसती बघत होते, पण गप्प बसले नाही. पांडवलेण्यांबद्दल लिहायचे, ब्राह्मी अक्षरं कशी ओळखायची ते नवख्यांना सांगायचे. एकदा लिहून गेले की नहपानावर गौतमीपुत्राचा ठसा असलेलं नाणं मिळालं तर जन्माचं सार्थक होईल.

तीन आठवड्यांनी तेच नाणं लिलावात आलं. आधी मला विक्रेत्याचा वेगळा मेसेज. "ताई, तुमच्यासाठीच काढून ठेवलंय. सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याला विहीर खणताना हंडा लागला, त्यातलं आहे. नाशिकचं नाणं नाशिकच्याच माणसाकडे जावं असं मला वाटतं." मी त्या रात्री जेवले नाही नीट. आज कळतं की त्यानं नाण्याआधी मला पारखलं होतं. मला काय हवंय, मी कुठली, कशानं विरघळेन, हे सगळं मीच ग्रुपवर लिहून ठेवलं होतं. त्यानं फक्त ते परत माझ्यापुढे मांडलं.

त्या हंड्याच्या गोष्टीपाशीच मी थांबायला हवं होतं, आणि तेही वर्गात कायदा शिकवलेल्या बाईनं. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरांना कळवावंच लागतं; 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे त्याची गोष्ट खरी असती तर माल चोरीचा होता, आणि खोटी असेल तर माणूस खोटा होता. दोन्हीकडून नको म्हणायचंच कारण. पण मला त्या वेळी हंडाच दिसत होता.

लिलाव दोन हजारांपासून सुरू झाला. पाच हजारांवर बाकीचे गळाले, एकच जण उरला. फोटो नाही, नावाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं. मी दोनशे वाढवले की तोही लगेच दोनशे वाढवायचा, क्षणाचाही विचार नाही. 14,300 ला तो थांबला, 14,500 ला नाणं माझं झालं. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं, अभिनंदनं. पुढे एका जाणत्या संग्राहकानं मला सांगितलं की नाणं अस्सल असतं तरी एवढ्याला घेण्यात अर्थ नव्हता. तो समोरचा बोली लावणारा विक्रेत्याचाच माणूस होता, किंवा स्वतः विक्रेताच दुसऱ्या नंबरावरून बोलत होता. मागचे लिलाव उघडून बघितले तेव्हा दिसलं की हा माणूस प्रत्येक मोठ्या लॉटवर आहे आणि कधीही काही जिंकत नाही. एकदोनदा चुकून जिंकलाच, तर तोच लॉट पुढच्या रविवारी पुन्हा विक्रीला. मला हे दोन महिन्यांत दिसायला हवं होतं. तुम्ही लिलावात उतरण्याआधी एवढं एक बघा: कोण बोली लावतं आणि शेवटी माल कोण नेतं.

दुसऱ्या रविवारी ठसा न मारलेलं नहपानाचं नाणं आलं. 9,600 वर मी सोडून दिलं, 9,800 ला दुसऱ्या कुणाला गेलं. अर्ध्या तासात मेसेज. "ताई, त्या माणसानं माघार घेतली. तुमच्या शेवटच्या बोलीला तुम्हाला देतो, पण आत्ताच सांगा." मला वाटलं नशीब फळफळलं. माघार घेणारा कुणी नव्हताच. मी कुठपर्यंत जाऊ शकते हे त्याला कळलं होतं आणि तो तेवढेच मागत होता. मग 8,200 चं सातवाहनांचं शिशाचं नाणं, मिळून 6,500 च्या दोन शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), आणि वर कुरिअरचा विमा आणि सर्टिफिकेट मिळून 2,500.

पैसे तीनदा तीन वेगळ्या नावांवर गेले. पहिल्यांदा भाच्याचं खातं, मग दुकानातल्या पोराचं, मग "लिमिट संपलीय, मिसेसच्या नंबरवर टाका." स्कॅन केल्यावर वर जे नाव येतं ते बघून मी विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं आणि ते मला पुरलं.

पार्सल आलं ते सुरेख होतं. निळ्या मखमलीची डबी, प्लास्टिकमध्ये घातलेलं सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. त्यावर सही होती. पत्ता नव्हता, वजन नव्हतं, नाण्याचा फोटोही नव्हता. मी भिंगातून नहपानाच्या नावातला "न" शोधला. ब्राह्मीत तो आडव्या रेघेवर उभी काडी असा असतो. सापडला तेव्हा माझे डोळे भरून आले. ते नाणं मी देवघरात ठेवलं होतं, हे सांगायला आज जड जातं.

पाच आठवड्यांनी कॉलेज रोडला एका ज्येष्ठ संग्राहकांकडे गेले. त्यांना मी काका म्हणते. चहा ठेवायला सांगून त्यांनी माझं नाणं तळहातावर घेतलं, आणि काही न बोलता आतून एक पाकीट आणलं. त्यातून त्यांनी दुसरं नाणं काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवलं. दोन्ही तंतोतंत सारखी. वर उज्जैन चिन्ह, म्हणजे चार वर्तुळं जोडणारी फुली. तिच्या खालून डोकावणारं नहपानाचं नाक, तेवढंच आणि त्याच कोनात. घड्याळात चार वाजतात त्या जागी कडेचा एक टवका उडालेला, दोन्ही नाण्यांत सारखाच.

काका म्हणाले, "बाई, ही नाणी हातानं ठोकलेली. आधी नहपानाच्या माणसांनी एकदा ठोकली, मग गौतमीपुत्राच्या माणसांनी जशी हातात येतील तशी परत ठोकली. प्रत्येक नाण्यावर ठसा वेगळ्या जागी पडणार. अशी दोन नाणी सारखी असूच शकत नाहीत. हे साच्यात ओतलंय." त्यांनी स्वतःचं नाणं दुसऱ्याच नावाच्या विक्रेत्याकडून घेतलं होतं. फसल्याचं कळल्यावर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. अशी किती पाकिटं किती घरांत पडली असतील, हा विचार मला अजून छळतो. लोक लाजेनं गप्प राहतात आणि तेच नाणं पुढच्या माणसाला विकलं जातं.

मग त्यांनी मला भिंगातून कसं बघायचं ते दाखवलं. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी त्यांचा उठाव स्वच्छ असतो. ओतलेल्या नाण्याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी गुळगुळीत दिसतात. पार्श्वभूमीवर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, हवेचे बुडबुडे राहिलेले. कड बोटात धरून फिरवली की दोन साचे जुळल्याची बारीक रेघ किंवा ती लपवायला फिरवलेल्या कानशीचे ओरखडे नखाला लागतात. माझ्या नाण्यात हे तिन्ही होतं. मी शंभरदा भिंग लावलं होतं, पण फक्त अक्षरं वाचायला.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले. त्यांनी काट्यावर नाणं ठेवलं: 1.71 ग्रॅम. ही नाणी साधारण दोन ग्रॅमच्या वर भरतात. मग नाणं दोऱ्यानं काट्याला टांगून, वाटीतल्या पाण्यात बुडवून वजन घेतलं: 1.48. फरक 0.23. 1.71 ला 0.23 नं भागलं की धातूची घनता कळते; ती आली साडेसातच्याही आत. चांदीचा आकडा साडेदहाच्या आसपास येतो. सराफ हळू आवाजात म्हणाले, "ताई, वरून मुलामा आहे, आत कथलासारखं काही तरी." दोन मिनिटांचं काम, त्यांनी पैसेही घेतले नाहीत. हीच दोन मिनिटं पार्सल आलं त्या दिवशी दिली असती तर पुढचे तीन लॉट मी घेतले नसते. आणि अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावर, 1980 पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. इतकी वर्षं शेजारी असून बोली लावण्याआधी तिकडे जाऊन चार जाणत्यांना विचारावं, हे मला सुचलं नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "ताई, तुम्ही नाणं बदललंत." दुसरं उत्तर आलंच नाही, नंबर ब्लॉक. ग्रुपवर लिहिलं तर दहा मिनिटांत मला काढलं गेलं. पण त्या दहा मिनिटांत ज्यांनी वाचलं त्यांतल्या एकाचा रात्री मेसेज आला: मी सायबरमध्ये ओळखी असलेला माणूस आहे, 3,000 भरा, आठवड्यात पैसे परत आणतो. फसलेल्यांची यादीही विकली जाते की तेच लोक वेगळ्या नावानं येतात, मला माहीत नाही. मी पैसे दिले नाहीत. पोलिसांत तक्रार करायला कुणालाही काही भरावं लागत नाही.

तक्रार मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर केली, मग सायबर पोर्टलवर, मग पोलीस ठाण्यात. तिथल्या तरुण अधिकारी मुलीनं नीट ऐकून घेतलं. तिनं सांगितलेलं तसंच लिहिते: पैसे गेल्याबरोबर, त्याच तासात 1930 ला फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, पाच आठवड्यांनी ते सात हातांतून गेलेले असतात. व्यवहाराचे क्रमांक, लॉटचे फोटो, बोल्यांचे स्क्रीनशॉट तिनं मागितले. ग्रुपमधून काढल्यावर जे फोनमध्ये उरलं तेवढंच माझ्याकडे होतं. म्हणून लिलाव चालू असतानाच स्क्रीनशॉट काढत जा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ करा. "नाणं बदललंत" याला दुसरं उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट. त्या ग्रुपवर अधूनमधून ईस्ट इंडिया कंपनीची 1818 ची "राम दरबार" नाणी यायची, राम-सीता-हनुमान असलेली, हजारोंच्या किमतीला. कंपनीनं अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. मला हे माहीत होतं, एकदा लिहिलंही होतं, आणि विक्रेत्यानं "बरोबर आहे ताई, चुकून आलं" म्हणून लॉट काढून टाकला होता. त्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. जिथे एक खोटं नाणं विकायला येतं तिथलं दुसरं खरं कशावरून, हा प्रश्न मी विचारला नाही.

परवा तोच माजी विद्यार्थी घरी आला होता. त्यानं मोबाइल पुढे केला. वेगळ्या नावाचा ग्रुप, वेगळा नंबर, तोच फोटो. खाली लिहिलं होतं, "नाशिक भागातला दुर्मीळ साठा, एकच नग." मी फोटो मोठा करून बघितला. उज्जैन चिन्ह, खालून डोकावणारं नाक, आणि चार वाजण्याच्या जागी उडालेला टवका. आम्ही दोघांनी तिथे बसूनच 1930 ला फोन लावला, आणि लिलावाला अजून तीन दिवस होते.