क्यू केस बनवायचीय: आत पाईप घालू की नुसतं जाड लेदर?

क्यूची, म्हणजे पूल-बिलियर्ड्सच्या काठीची, जुन्या वळणाची केस स्वतः करायची म्हटलं की फिरून फिरून दोन रस्त्यांवर गाडी येते. एकतर पीव्हीसी पाईप घ्या आणि त्यावर दोन एमएमचं लेदर चढवा, नाहीतर साडेतीन-चार एमएमचं व्हेज टॅन (झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेलं लेदर) घेऊन त्याचीच नळी शिवा आणि आत मऊ अस्तर घाला. मी पाईपच्या तीन केल्यात आणि जाड लेदरच्या दोन, त्यामुळे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पाईपचं कौतुक आधी करतो. केसवर कुणी चुकून बसलं तरी आतला शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग) वाचतो, लेदर कमी लागतं, झाकण बसवणंही सोपं. रोज प्रवास करणाऱ्याला मी अजूनही पाईपच सांगेन बहुतेक.

पण ती शिवण! पाईप ७५ एमएमचा, म्हणजे घेर साधारण २३६ भरतो, मी तेवढंच कापलं आणि लेदरची जाडी धरायलाच विसरलो, खरं तर २४२ च्या आसपास हवं होतं. ठीक आहे, पहिली चूक. दुसऱ्या केसला नीट मोजलं, लेदर ओलं करून ताणून पाईपवर बसवलं, पाऊण मीटर लांबीची क्रॉस स्टिच वरूनच घातली, कारण आत पाईप असल्यावर सुई पलीकडून काढणार कुठून, आणि रात्री कडेला कड अशी काही भिडली होती की दोनदा उठून बघून आलो. सकाळी लेदर वाळून आक्रसलेलं, टाके जागेवर, आणि दोन टाक्यांच्या मधे वरपासून खालपर्यंत पाईपची पांढरी रेघ. मार्करने रंगवली. कुणाला दिसत नाही म्हणतात, मला दिसते. तिसऱ्या वेळी शहाणपण करून आधी बाही शिवली आणि ओली असतानाच पाईपवर ओढली, तर ती अर्ध्यात अशी अडकली की ना वर ना खाली, आणि शेवटी बसली तेव्हा शिवण पिळा पडून पाठीवरून पोटावर आलेली.

जाड लेदरमधे हा प्रश्नच येत नाही. कड कडेवर चढवायची, लाकडी साच्यावर ओलं लेदर बसवून आकार द्यायचा, पूर्ण वाळलं की साचा काढून मगच भोकं पाडायची, म्हणजे आक्रसायचं तेवढं आधीच आक्रसून झालेलं असतं. मग दोन सुयांची सॅडल स्टिच, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना सुया आणि दोन्ही एकाच भोकातून उलटसुलट. नळीच्या आत हात पोचत नाही म्हणून सुई लांब चिमट्याने ओढावी लागते, दोन संध्याकाळी जातात, अंगठा दुखतो, पण एखादा टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एक सांभाळा, ओल्या व्हेज टॅनला लोखंडी क्लॅम्प लावू नका, निळे-काळे डाग पडतात ते जात नाहीत. मला एक पडलाय, त्यावर बक्कल बसवलं.

टूलिंग, म्हणजे लेदरवर ठशांनी नक्षी, करायचं असेल तर जाड लेदरला तोडच नाही, ठसा खोल बसतो. क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं लेदर) पावसात बरं टिकतं, पण त्यावर ठसा धरत नाही आणि कडा घासून चकचकीत होत नाहीत, मग जुना लूक आणणार कुठून?

तोटे आहेतच. वजन वाढतं, पाण्याचे थेंब पडले की ठिपके राहतात, आणि पाईपइतका मार ही केस खाणार नाही हे मान्य. एक बट (क्यूचा मागचा जाड भाग) दोन शाफ्टपर्यंत मला काही त्रास जाणवला नाही, त्याहून मोठी केली तर कदाचित मधे दबेल.

तरी पाईपच घ्यायचा ठरला असेल तर लेदर चढवायच्या आधी तो लेदरच्याच रंगाने रंगवून घ्या, निदान रेघ तरी पांढरी दिसणार नाही.