पाच तारे आणि तीनशे रुपये

व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर २२०० वॉट लिहिलेलं असेल तर आधी मशीनची पिन बघा. पिन बारीक, सहा अँपियरची असेल तर पुढं काही बघत बसू नका, परत करा. मला हे आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या मोटार वायंडिंगवाल्यानं सांगितलं, पण मशीन घेतल्यावर साडेसात महिन्यांनी. तोवर ५,४९९ रुपये गेले होते आणि वर मी स्वतः एक लबाडी करून बसलो होतो. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसलोय. नुसता फसलो असतो तर गप्प बसलो असतो. पाच हजारांसाठी चारचौघांत हसं कोण करून घेणार?

आमचं घर बेळगावच्या वडगावात. पुढं राहत्या खोल्या, मागं दोन पॉवरलूम. माग चालू असले की सुताची बारीक लव उडते आणि पंख्याच्या पात्यांवर, देवांच्या फोटोंवर, भाताच्या झाकणावर जाऊन बसते. केरसुणीनं झाडली तर निम्मी परत हवेत. इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बायकोला दमा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात कोरडा झाडू बंद करा, ओल्या फडक्यानं पुसा, जमलं तर व्हॅक्यूम क्लीनर घ्या.

२०२३ च्या दसऱ्याआधी सेल लागला होता. मुलगी पुण्याला नोकरीत. ती फोनवर म्हणाली, "बाबा, दुकानदाराचं ऐकू नका. रेटिंग बघून घ्या." मी दोन संध्याकाळ मोबाइल घेऊन बसलो. एकीकडं तज्ज्ञांची म्हणून 'दहा सर्वोत्तम व्हॅक्यूम क्लीनर' अशी यादी, दुसरीकडं विकत घेतलेल्यांचे तारे. दोन्हीकडं एकच मशीन वर. तज्ज्ञांचे दहापैकी साडेनऊ, मालकांचे ४.४ तारे, ते देणारे नऊ हजारांवर. दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हटल्यावर कोर्टसुद्धा ऐकतं. मी ऑर्डर टाकली.

मशीन आलं. खोक्यात गुळगुळीत कागदाचं एक कार्ड होतं. पाच तारे द्या, दोन ओळी लिहा, त्याचा फोटो या नंबरवर पाठवा आणि ३०० रुपये मिळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीची खोली तेवढी साफ केली. पारदर्शक डब्यात करडी लव गोळा झालेली बघून लहान पोरासारखा आनंद झाला. बसलो आणि लिहिलं, "उत्तम मशीन. सक्शन जबरदस्त. दम्याच्या पेशंटसाठी वरदान." वरदान! एक खोली साफ करून. तिसऱ्या दिवशी ३०० रुपये खात्यात. त्याचा कुंदा आणला, घरात सगळ्यांनी खाल्ला. तेव्हा मनाला काही लागलं नाही, हे खरं सांगतो.

पहिली शंका बायकोला आली. आमच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी उन्हाची तिरीप आत येते. तिनं मशीन त्या तिरीपेत धरलं आणि हाक मारली, "अहो, इकडं बगा, हे मागनं धूळ सोडूलंय की." मी गेलो. पुढून लव आत जात होती आणि मागच्या जाळीतून बारीक धूर निघावा तशी धूळ बाहेर येत होती. उन्हात स्पष्ट दिसत होतं. म्हणजे जाड कचरा डब्यात आणि फुप्फुसात जाणारी बारीक धूळ थेट तिच्या तोंडासमोर. खोक्यावर 'हेपा फिल्टर' छापलेलं. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. आमचा काढून बल्बसमोर धरला तर घड्यांमधून सरळ उजेड दिसला. मागं स्पंजची एक चकती, ती फ्रेमला नीट टेकतही नव्हती. फिल्टर चांगला असला तरी बाजूनं फट राहिली तर हवा फटीतूनच जाणार.

दिवाळीनंतर फिरत्या ब्रशला सूत गुंडाळायला लागलं. दर चार दिवसांनी कात्रीनं कापून काढायचं. मार्चमध्ये मशीन दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतकं तापू लागलं आणि मे महिन्यात एकदा जळका वास येऊन बंद पडलं.

वॉरंटी एक वर्षाची होती, म्हणून निर्धास्त होतो. कंपनीच्या नंबरवर पिनकोड सांगितला, त्यांनी कोल्हापूरचं सेंटर दिलं. कोल्हापूरवाले म्हणाले, तुम्ही कर्नाटकात येता, तुमचं हुबळी. हुबळीच्या माणसानं सांगितलं, त्या कंपनीचं काम आम्ही सोडून दिलंय. बेळगाव कुणाचं हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझ्या व्हॅक्यूमचा निकाल दोन फोनमध्ये लागला, कुणाचंच नाही.

शेवटी पिशवीत घालून शहापूरला नेलं. मागाच्या मोटारी भरून देणारा हा माणूस आमच्या भागात तीस वर्षं बसलाय. त्यानं मशीनला हातच लावला नाही, आधी पिन बघितली. "काका, हे बावीसशे न्हवंच की ओ." मी खोकं दाखवलं. तो हसला. २२०० भागिले २३० व्होल्ट, साडेनऊ अँपियर झाले. एवढा करंट सहा अँपियरच्या पिनेतून ओढला तर पिन वितळेल. गिझरची जाड पिन आठवा म्हणाला. मग जळलेली वायर जोडून मशीन घटकाभर चालू केलं आणि वायरीला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. ३.३ अँपियर. म्हणजे साडेसातशे वॉटच्या आसपास. मग उघडलं. मोटारीच्या कॉम्युटेटरवर, म्हणजे वीज घेणाऱ्या तांब्याच्या फिरत्या भागावर, आमच्या मागाची लव गच्च बसलेली, त्याला वीज पोचवणारा कार्बन झिजून तुकडा उरलेला. मोटार थंड ठेवायला जी हवा फिरते तीच डब्यातून ओढलेली हवा. फिल्टरनं लव सोडली की ती मोटारीत, आणि पुढचा फिरता ब्रश चोंदला की हवाच बंद. तापणार नाही तर काय?

तिथंच आणखी एक गोष्ट कळली, ती दुकानात कुणी सांगणार नाही. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती धूळ ओढतं ते नव्हे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायलाच बंदी आहे, आणि तिथली घरं काही घाण राहिलेली नाहीत. म्हणजे साडेसातशे वॉट हा दोष नव्हता. साडेसातशेवर २२०० चा स्टिकर लावला हा दोष.

त्या रात्री मी जे ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं ते केलं. तारे बाजूला ठेवले आणि रिव्ह्यू वाचले, नवे आधी असे लावून. एकानं लिहिलेलं, "कव्हर फोनला छान बसलं, रंग फोटोसारखाच." दुसऱ्यानं मिक्सरच्या भांड्याचं कौतुक केलेलं. त्याच पानावर पूर्वी दुसराच माल विकला जात होता, त्याचे तारे तसेच ठेवून वर व्हॅक्यूम बसवला होता. नऊ हजारांतले किती फोन कव्हरचे कोण जाणे. उरलेल्यांत पाच ताऱ्यांचे बहुतेक सगळे माल आल्यापासून आठवड्याच्या आतले. माझा दुसऱ्या दिवसाचा. आणि खाली, अगदी खाली, दोन आणि तीन ताऱ्यांत, कुणी चार महिन्यांनी, कुणी सहा महिन्यांनी लिहिलेलं होतं: मागून धूळ येते, ब्रशला केस गुंडाळतात, तापतं, सर्व्हिस नाही. माझं सगळं गाऱ्हाणं मी मशीन घ्यायच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. मी फक्त वरची सरासरी बघितली होती.

तज्ज्ञांचं पान परत उघडलं. दहाही मशीनचे फोटो कंपन्यांच्या जाहिरातींतले. एकाही ठिकाणी मशीन फरशीवर ठेवलेलं, हातात धरलेलं चित्र नाही. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, इथल्या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळू शकतं. म्हणजे माझे दोन साक्षीदार वेगळे नव्हतेच. एकाला विक्रीतून पैसे, दुसऱ्याला कार्डावरून. दुसरा तर मीच.

खरे तज्ज्ञ असतात, आणि त्यांचं काम बघितल्यावर हे 'तज्ज्ञ' म्हणवून घेतात याचाच राग येतो. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून चालू आहे. ती मशीन कंपनीकडून फुकट घेत नाही, दुकानातून विकत आणते. प्रयोगशाळेत ठरावीक धूळ मोजून गालिचावर पसरतात, मशीन फिरवतात आणि किती उचलली ते वजन करून बघतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच तीन प्राध्यापकांनी १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तूंचे ग्राहकांचे तारे या संस्थेच्या गुणांशी लावून बघितले. मेळ फारसा बसला नाही. लोकांचे तारे किमतीकडं आणि ब्रँडच्या नावाकडं झुकलेले. तिथं कार्ड, तीनशे रुपये असला काही संशयही घ्यायची गरज नव्हती. माणूस नवी वस्तू घेतल्याच्या आनंदात असाच लिहितो, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

मग प्रयोगशाळेचंच ऐकावं का? पहिल्या दिवशी मशीन किती ओढतं हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. पण आमच्याकडं गालिचा कुठं आहे? शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांत अडकलेलं सूत, आणि पावसाळ्यात ओलसर झालेली लव. शिवाय आपल्या बाजारातली पाच हजारांची ही अनोळखी मशीनं कुठल्या प्रयोगशाळेत जाणार? त्यामुळं माझं मत आता मालकाच्या बाजूला झुकतं, पण कुठल्या मालकाच्या? पावसाळा काढलेल्या, आणि लिहून काही मिळालेलं नसलेल्या. तसा माणूस मोबाइलवर शोधण्यापेक्षा गावात लवकर सापडतो. आमच्या गल्लीजवळच्या मंगल कार्यालयात साफसफाई करणाऱ्या बाई पाच वर्षं एकच ड्रमवालं मशीन ओढतायत, अक्षता, फुलं, वाळू सगळं. तिला एकही तारा विचारला नाही. पिशवी किती दिवसांनी बदलता, ब्रश कुठं मिळतो, दुरुस्ती कुठं केली, एवढंच विचारलं. आता आमच्याकडं तसंच आहे, गणपत गल्लीतल्या दुकानातून, दुकानदाराला समोर चालवून दाखवायला लावून घेतलेलं.

पैशांचं सांगतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. खोक्याचा, पिनेचा, मीटरचा आणि कार्डाचा फोटो जोडला. कार्ड टाकून दिलं नव्हतं हे नशीब. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत बसत नाही. रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलंय, पण तेव्हा ते पाळणं ऐच्छिक होतं. हेल्पलाइननं भागलं नसतं तर बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. ग्राहक राहतो तिथं तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ती वेळ आली नाही. पाच आठवड्यांनी खात्यात ५,१९९ रुपये आले. तीनशे कापून घेतले होते.

रिव्ह्यू मी काढून टाकला. काढायच्या आधी खाली बघितलं, ६१ जणांनी त्याला 'उपयोगी' म्हटलं होतं. एक तारा देऊन खरं काय ते नवीन लिहिलं, त्याला आजवर चार जणांनी.

त्या ६१ मधला एक कोण ते गणपतीत कळलं. निपाणीचा भाचा आला होता. त्याचं घर तंबाखूच्या वखारीला लागून, धुळीचा त्रास आमच्यापेक्षा जास्त. जेवताना म्हणाला, "मामा, तुमचं नाव आणि बेळगाव बघितलं आणि डोळे झाकून तेच मशीन घेतलं. तापतंय खरं." माझा घास तोंडातच राहिला. मी झालं ते सगळं सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, खोक्यात कार्ड आलेलं का रे?

"आलेलं की," तो म्हणाला. "लिहिलं पण मी. तीनशे न्हवं मामा, आता दोनशेच देतात."