म्हादईवरचे राफ्टिंग : एकच टप्पा, तीन पाणी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर पावसाळ्यात चालणारे राफ्टिंग मी एकाच हंगामात तीन वेळा केले : जूनच्या अखेरीस, जुलैच्या मध्यावर आणि चवथ आटोपल्यावर सप्टेंबरात. तिन्ही वेळा आयोजक तेच होते, ठरलेला टप्पाही उस्ते गावापासून सोनाळपर्यंतचा सुमारे 10 किलोमीटरांचाच होता, आणि माणशी घेतलेली रक्कमही सारखीच होती. नदी मात्र तिन्ही वेळा वेगळी भेटली. त्यामुळे या सेवेविषयी लिहिताना पाण्याची पातळी बाजूला ठेवता येत नाही.

म्हादई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते, सत्तरीतून गोव्यात शिरते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. घाट उभा आहे आणि उगमापासूनचे अंतर थोडे आहे, म्हणून वर कोसळलेला पाऊस काही तासांतच खाली नदीत दिसतो आणि पाऊस थांबला की पाणी तितक्याच लवकर उतरते. सत्तरीतल्या वाळपई गावात ऊन पडलेले असताना उस्त्याला नदी चढत असू शकते, कारण वर चोर्ला घाटाच्या अंगाला सकाळपासून पाऊस लागलेला असतो. पर्यटकाला हे ठाऊक नसते, आणि ते त्याला सांगणे हे आयोजकांचे पहिले काम आहे असे मी मानतो.

पहिल्या फेरीत पाणी कमी होते. पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, पण जमिनीची तहान अजून भागलेली नसावी. कमी पाणी म्हणजे सोपे पाणी, असा माझा समज होता आणि तो तिथेच दूर झाला. निम्मे खडक उघडे होते, त्यांच्या मधून जाणारी वाट जेमतेम राफ्टच्या रुंदीची होती, आणि गाईडने ‘फॉरवर्ड’ म्हटल्यावर सहा वल्ही एकाच वेळी पाण्यात पडली नाहीत तर राफ्ट आडवी होऊन खडकावर टेकत होती. आम्ही चार वेळा अडकलो. प्रत्येक वेळी सगळ्यांना एका बाजूला सरकवून, उड्या मारायला लावून गाईडने राफ्ट सोडवली. वेग कमी असल्यामुळे भीती वाटली नाही, परंतु वल्हे कसे धरावे आणि वळण किती आधी घ्यावे हे मी शिकलो ते याच फेरीत. ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांनी हे पाणी कमी लेखू नये. पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा, ही सूचना गाईडने त्या दिवशी तीनदा दिली. उथळ पाण्यात ती अधिकच महत्त्वाची असते, कारण दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मागून येणारे पाणी माणसाला पुढे ढकलून खाली दाबते, आणि त्यासाठी खोली गुडघ्याच्या थोडी वर असली तरी पुरते.

दुसरी फेरी या परीक्षणाचे खरे कारण आहे. आदल्या दोन दिवसांत पाऊस थांबला नव्हता. आम्ही पोहोचलो तेव्हा नदी तांबडी झाली होती, मध्येच एखादी फांदी वाहत येत होती, आणि जूनमध्ये ज्या खडकावर उभे राहून आम्ही छायाचित्र काढले होते तो खडक कुठे आहे हे मला ओळखता आले नाही. मुख्य गाईड काठावरच्या एका दगडाकडे पाहत होता. पाणी त्याच्या कुठपर्यंत येते यावरून ते निर्णय घेतात, असे त्याने विचारल्यावर सांगितले. दीड तास आम्हाला थांबवून ठेवण्यात आले. नंतर वरचा निम्मा टप्पा त्या दिवशी वगळला असून खालून सुरुवात करणार असल्याचे जाहीर झाले. काही मंडळी नाराज झाली. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने निम्म्या टप्प्याचे निम्मेच पैसे घ्या असा आग्रह धरला, आणि ती मागणी मला रास्त वाटते. तिला मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते. निर्णय मात्र योग्यच होता, आणि तो का योग्य होता हे पाण्यात उतरल्यावर कळले.

पाणी वाढले की प्रत्येक खळाळ अवघड होतो असे नाही. खालच्या टप्प्यातले दोन खळाळ तर जवळजवळ नाहीसे झाले होते, कारण खडकांवरून इतके पाणी जात होते की तिथे नुसते उंच-सखल हेलकावे उरले होते. उलट, जिथे जूनमध्ये शांत कोंड होता तिथे प्रवाह दोन्ही काठांच्या झाडांत शिरला होता. ही झाडेच मोठा धोका असतात : फांद्यांच्या जाळीतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकून राहतो. शिवाय खडकामागे जे उलटे फिरणारे पाणी असते, ज्याला हे लोक एडी म्हणतात आणि जिथे राफ्ट विसावा घेते, त्या जागा पुरात पुसल्या जातात. थांबायला जागाच नसेल तर पाण्यात पडलेल्या माणसाला गाठेपर्यंत तो फार दूर गेलेला असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हा शाळेत शिकलेला हिशेब त्या दिवशी दंडांना जाणवला. आमच्या मागच्या राफ्टमधला एक तरुण पाण्यात पडला. सोबतच्या कयाकवाल्याने, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या लहान होडीतल्या माणसाने, त्याला गाठून काठाकडे वळवले आणि तिथून दोरीची पिशवी फेकून त्याला ओढून घेण्यात आले. सगळे काही मिनिटांतच झाले, आणि त्यामागे किती सराव असेल याची मला कल्पना आली. बचावासाठी वेगळी कयाक सोबत नसेल, तर अशा पाण्यात कोणीही कोणाच्याही राफ्टमध्ये बसू नये.

तिसऱ्या फेरीचे पाणी मधले होते, आणि या टप्प्याला ते सर्वांत शोभते. बहुतेक खडक झाकलेले, लाटा उंच पण सुट्या सुट्या, प्रत्येक खळाळाखाली थांबायला जागा, आणि पाण्याचा तांबडा रंग जाऊन हिरवट झाक आलेली. माझी बहीण त्या दिवशी प्रथमच आली होती. तिला पोहता येत नाही, तरी पहिल्या दोन खळाळांनंतर तिने हात सैल केले.

सेवेत उणिवा आहेत. नोंदणी करताना ‘दुसरी ते तिसरी श्रेणी’ एवढेच सांगतात. खळाळ किती अवघड हे सांगणारी एक ते सहा अशी ही आंतरराष्ट्रीय श्रेणी असते, पण ती नेहमीच्या पाण्याला धरून असते, आणि जुलैमधल्या त्या नदीचे वर्णन या दोन आकड्यांत होत नाही. आदल्या संध्याकाळी पातळीबद्दल एक संदेश पाठवणे अवघड नाही. दुसरी गोष्ट भाषेची. सुरक्षेच्या सूचना फक्त हिंदी आणि इंग्रजीत दिल्या गेल्या. नदी सत्तरीतली, येणाऱ्यांत कितीतरी जण मराठी आणि कोंकणी बोलणारे, आणि ज्या सूचनांवर जीव अवलंबून आहे त्या त्यांच्या भाषेत नसाव्यात, याचे मला मनापासून वाईट वाटले. लाइफ जॅकेट चांगल्या स्थितीत होती आणि गाईड प्रत्येकाची पट्टी स्वतः ओढून पाहत होता. हेल्मेट मात्र लहान डोक्यांना सैल पडत होती. कपडे बदलण्याची सोय बेताचीच आहे.

नदीच्या पाण्याविषयी बोलतोच आहोत, तर एक गोष्ट लिहायला हवी. म्हादई जलविवाद लवादाने 2018 साली कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या खोऱ्यातल्या नाल्यांतून 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवण्यास कर्नाटकाला मुभा दिली, आणि त्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ज्या प्रवाहावर हा सारा व्यवसाय आणि त्याहून कितीतरी मोठे जगणे उभे आहे, त्याबद्दल दोन वाक्ये गाईडने प्रवासात सांगितली असती तर मला आवडले असते.

जाणाऱ्यांनी माझ्या मते ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा. पणजीहून साखळीमार्गे वाळपई गाठायला साधारण दीड तास धरावा, आणि निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारावेत : काल वर घाटात पाऊस किती होता, बचावाची कयाक सोबत आहे का, आणि टप्पा कमी केला तर पैशांचे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला प्रत्येक वेळी नीट मिळाली आहेत.