पेटीचा काळा कोट, दोन हिवाळ्यांनंतर
मिनेसोटात राहतो, मागच्या अंगणात मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत, मेलिफेरा म्हणजे युरोपियन जातीच्या माश्या. थंडीत पेटीवर चढवायचं ते काळं इन्सुलेटेड कव्हर ऑनलाइन मागवलं होतं, दोन हिवाळे वापरून मग लिहितोय. चढवायला एकदम सोपं, पायमोजा घातल्यासारखं वरून सरकवायचं, पाच मिनिटांचं काम. पण दाराचं भोक पेटीच्या दाराशी जुळतच नाही, मला कटरने कापावं लागलं, आणि वरचं भोक तर दिलेलंच नाही!

आता हे वरचं भोक फार महत्त्वाचं आहे हो, कारण माश्या थंडीत झोपत नाहीत, राणीभोवती गोळा होऊन पंखांचे स्नायू थरथरवत ऊब धरतात, मध खात राहतात, आणि त्यांची वाफ वर झाकणाला लागून गार झाली की पाणी टपटप त्यांच्याच अंगावर. कोरड्या माश्या कडाक्याची थंडी काढतात, भिजल्या की संपल्या. पहिल्या वर्षी झाकण उचललं तर आतून बर्फाचा पापुद्रा. मग मीच भोक पाडलं, वर लाकडाच्या भुशाची उशी ठेवली, यंदा सगळं कोरडं. जानेवारीत बाहेर उणे २५ असताना पेटीला कान लावला, आत बारीक गुणगुण चालू होती, जीवात जीव आला.

कव्हर घातलं म्हणून मध काढून घेऊ नका, इथे पेटीमागे ३५-४० किलो तरी आत ठेवावाच लागतो. महाबळेश्वरच्या काकांना सांगितलं माश्यांना कोट घेतलाय, ते अजून हसतायत.

पाचपैकी साडेतीन.